पाणी बिघडायच्या आत बाहेर: किनाऱ्याजवळची स्पिअरफिशिंग

स्पिअरफिशिंग म्हणजे दम धरून पाण्याखाली जायचं आणि भाला फेकणाऱ्या गनने मासा मारायचा. नवीन माणूस आला की त्याला आधी गन हातात घ्यायची असते, मी त्याला आधी खडकावर बसवतो. वीस मिनिटं, फिन्स (पोहायला पायात घालतात त्या लांब पात्या) बाजूला ठेवून नुसतं पाण्याकडे बघायचं. लोक वैतागतात, पण ह्याच वीस मिनिटांत कळतं की आज आत जायचं की घरी. लाटा सेटने येतात, म्हणजे बराच वेळ पाणी गरीब गाईसारखं वाटतं आणि मग अचानक चार-पाच दांडग्या लाटा एकामागोमाग येऊन तोच खडक धुऊन काढतात जिथे तुम्ही पाय ठेवणार होतात. पाच मिनिटं बघून उडी मारणाऱ्याला तो सेट दिसलेलाच नसतो.

बघताना एकच गोष्ट शोधायची, बाहेर कुठून येणार. आत काय, कुठूनही पडता येतं. बाहेर यायची जागा भरतीला कशी दिसेल, ओहोटीला तिथे कालवांचा धारदार खडक उघडा पडतो का, लाट मोठी झाली तर तिथे फेस होतो का, हे सगळं कोरड्या अंगाने ठरवायचं. आणि एक नाही, दोन जागा. दुसरी जागा करंट जिकडे वाहतोय त्या बाजूला हवी, कारण थकल्यावर करंटच्या विरुद्ध पोहणं होत नाही, कितीही लांब फिन्स असल्या तरी.

आता समुद्राचा अंदाज बघायचा म्हणजे काय बघायचं. बहुतेक जण लाटेची उंची बघतात, "एक मीटर आहे, चालतंय". अरे पण किती सेकंदांनी येतेय ते बघा. खोल पाण्यात 6 सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण 55 मीटर असते आणि 12 सेकंदांच्या लाटेची 225 च्या आसपास, आणि लाटेचा जोर तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. म्हणजे 12 सेकंदवाली एक मीटरची लाट वरून सपाट दिसेल पण खाली तळ ढवळून काढेल, वाळू उठेल, आणि तुम्ही तळाशी पडलात की दोन मीटर पुढे दोन मीटर मागे असे झोके खाल. छोट्या सेकंदांची लाट वर त्रास देते, स्नॉर्कलमध्ये, म्हणजे तोंडातल्या श्वासाच्या नळीत पाणी घालते, चिडचिड होते, पण खाली बऱ्यापैकी शांत असतं. मी 6 सेकंदवाल्या एक मीटरला जाईन, 14 सेकंदवाल्या एक मीटरला खडकाळ जागी नाही जाणार.

वाऱ्याचं उलटं असतं. समुद्राकडून येणारा वारा पाणी खराब करतो म्हणून दिसतो आणि माणूस सावध होतो. जमिनीकडून वाहणारा वारा फसवतो. किनाऱ्याजवळ पाणी ताटासारखं सपाट, आणि तुम्ही हळूहळू बाहेर ढकलले जाताय हे कळतच नाही. मला हे शिकायला एक संध्याकाळ लागली. एका मोठ्या माशाच्या मागे चार-पाच डाइव्ह केल्या, नजर सगळी खाली, डोकं वर काढलं तर ज्या खडकावरून उतरलो तो काडेपेटीएवढा. वारा फिरला होता. परत यायला तासाच्या वर लागला, पोटऱ्यांना गोळे आले, आणि मासा तर कधीच गेला होता. चूक वाऱ्याची नव्हती, मी खुणा बघत नव्हतो. आता किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरतो, समजा पुढे एक खडक आणि त्याच्या मागे एक झाड, आणि दर दोन डाइव्हनंतर मान वर करून बघतो. दोघांमध्ये फट पडली की समजायचं आपण सरकतोय. फट कुठल्या बाजूला पडली आणि किती पटकन पडली ह्यावरून करंटही कळतो.

भरती-ओहोटीचा हिशोब सोपा आहे. साधारण सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला पाणी एकूणच्या बाराव्या भागाएवढं चढतं, मग दोन भाग, मग तीन, परत तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधले दोन तास सगळ्यात जोरात. सगळीकडे तंतोतंत असं होत नाही पण अंदाजाला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा जोर आणखी वाढतो, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत कमी. नवीन असाल तर भांगाचे दिवस धरा आणि भरतीचा शेवटचा तास गाठा, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, करंट मेलेला असतो. ओहोटी लागली की खाडी आणि नदीच्या तोंडातला गाळ बाहेर यायला लागतो. पाऊस पडून गेला असेल तर नदीच्या तोंडाजवळ जायचंच नाही, तिथे दिसत काही नाही आणि पाण्यात काय काय वाहून आलंय ते न बघितलेलंच बरं.

गढूळ पाण्यात लोक लांब गन घेऊन जातात, का ते मला आजपर्यंत कळलं नाही. तीन मीटरच्या पुढे दिसत नसेल तर 120 सेंटिमीटरच्या गनचं टोक माशाच्या पार जवळ जाईल. तिथे 75 किंवा 90 ची छोटी गन, कपारीत फिरवायलाही सोपी. 90 ची, भाला फेकायला एकच रबर असलेली गन तशीही अडीच-तीन मीटरपर्यंतच नीट मारते. आणि मास्कमधून सगळं खोटं दिसतं हे विसरू नका, वस्तू जवळजवळ एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. तीन मीटरवर वाटणारा मासा खरा चार मीटरवर असतो. सुरुवातीचे सगळे नेम इथेच चुकतात, आणि "एवढा मोठा होता" ह्या गोष्टीही इथूनच जन्माला येतात.

पाणी थोडं हललेलं असणं वाईट नाही, उलट मला तेच आवडतं. खडकावर लाट फुटून जो पांढरा फेस होतो त्याच्या खाली खेकडे, कोळंबी, शेवाळ सगळं सुटतं आणि मासे तिथे खायला येतात. फेसामुळे तुम्ही त्यांना दिसत नाही. पण फेसाच्या आत नाही, फेसाच्या कडेला. आत गेलात तर तुम्हालाच खडकाला घासून काढेल.

तिथे पोहत मागे लागायचं नाही, दबा धरायचा. आवाज न करता खाली जा, फिन्स पाण्यावर आपटू नका, खडकाआड पोटावर पडा, डाव्या हाताने दगड धरा, गन पुढे, हनुवटी खाली. माशाच्या डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, नजर थोडी खाली ठेवायची. कधी कधी चिमूटभर वाळू उडवली की उत्सुकतेने येतात. आधी लहान येतात, मग त्यांच्या मागून मोठा एखादा आडवा होतो. ह्या क्षणी लाट तुम्हाला पुढे ढकलत असते, मग मागे ओढते, आणि दोन्हींच्या मध्ये अर्धा-एक सेकंद सगळं थांबतं, शेवाळाची पानंसुद्धा सरळ उभी राहतात. तेव्हा ट्रिगर. शेवाळ झुकलेलं असताना मारला की भाला वितभर मागे जातो, ठरलेलं. नेम कल्ल्याच्या झाकणाच्या मागे, थोडा वर, जिथे मणका सुरू होतो. तिथे बसला तर मासा जागेवर थिजतो. पोटात बसला तर मांस फाटून निसटतो आणि नंतर कुठेतरी मरतो, म्हणून मासा आडवा नसेल तर मी सोडून देतो. मागे काय आहे तेही बघा, दगड असेल तर भाल्याचं टोक बोथट होणार, बडी म्हणजे तुमचा जोडीदार असेल तर पुढचं बोलायलाच नको.

आता दम. इथे मी गंमत करत नाही. खाली जायच्या आधी फुसफुस करत भराभर श्वास घेणं बंद करा. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटणं हे त्याच्यावरच अवलंबून असतं. म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकली. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, वर येताना तो निम्मा होतो आणि फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही त्याच्याबरोबर उतरतो, म्हणून माणसं तळाशी नाही तर शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर बेशुद्ध पडतात. काहीही जाणवत नाही आधी. म्हणून एक खाली, एक वर, आणि वरच्याने खालचा आल्यावर निदान 30 सेकंद त्याच्या तोंडाकडे बघायचं, माशाकडे नाही. दोघांनी एकदम डाइव्ह मारली की बडी असून नसल्यासारखा. खाली जितका वेळ राहिलात त्याच्या कमीत कमी दुप्पट वर आराम, आणि हलत्या पाण्यात त्याहून जास्त, कारण लाटांशी झगडण्यात दम आधीच खर्च झालेला असतो.

उथळ हलत्या पाण्यात स्थिर राहायला लोक बेल्टवर शिसं वाढवतात. थोडंसं ठीक, पण नियम असा की पाण्यावर निवांत श्वास सोडल्यावरही तुम्ही तरंगलं पाहिजे. बेल्ट रबराचा, बकल एका झटक्यात सुटणारं. फ्लोट, म्हणजे दोरीने बांधलेला तरंगता फुगा, आणि त्यावर डायव्हरचा झेंडा हवाच, बोटवाल्याला तुमचं डोकं लाटांमध्ये दिसत नाही. मासेही फ्लोटवर अडकवा, कमरेला नाही, रक्ताच्या वासाने येणारे पाहुणे फ्लोटकडे गेलेले बरे. आणि फ्लोटची दोरी फेसाच्या जागी खडकात गुंतते, तेव्हा ती सोडता आली पाहिजे, सुरी हाताला लागेल अशी दंडावर किंवा बेल्टवर. गन पाण्यात शिरल्यावरच लोड करायची, बाहेर पडायच्या आधी पाण्यातच रिकामी. सेफ्टी लावलीय म्हणून कुणाकडे रोखली तर मी त्या माणसाबरोबर परत जात नाही.

काय मारायचं नाही हेही बघा. राखीव क्षेत्र, बंदीचा हंगाम, किमान आकार ह्याचे नियम जागेप्रमाणे बदलतात, ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी पाठीला हवेची टाकी लावून मारायला बंदी असते. हेकरू म्हणजे ग्रुपरच्या बऱ्याच जाती मादी म्हणून जन्मतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, म्हणजे खडकावरचा सगळ्यात दांडगा काढला की तिथला नरच गेला. शिवाय उष्ण पाण्याच्या प्रवाळ भागात मोठा बराकुडा किंवा मोठा हेकरू यात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं, ते शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. मधल्या आकाराचा मारा.

कधी निघायचं? बाहेर यायच्या जागेवर पहिल्यांदा फेस दिसला की. दुसऱ्यांदा दिसायची वाट नाही बघायची. थरथर सुरू झाली तरी तेच, पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर अंगातली ऊब ओढतं आणि थंडीने आधी हात मंदावतात मग डोकं. खडकावर चढताना सेट जाऊ द्या, शेवटच्या लाटेच्या पाठीवर या, लाट उतरायच्या आत हाताने घट्ट धरा, गन आडवी धरून चढू नका. आणि जागा बंदच झाली असेल तर दुसऱ्या जागेकडे निवांत पोहत जा, तिथेच रेटून चढायच्या नादात गुडघे आणि मास्क दोन्ही फुटतात.

मासा हातात आला की लगेच डोक्यात सुरी घालून संपवायचा, कल्ले कापून रक्त काढायचं, आणि बर्फ नुसता वर न टाकता समुद्राच्या पाण्यात कालवून त्यात बुडवायचा, मांस कडक राहतं. साफ करताना पोट उघडून बघा. खेकड्याची कवचं निघाली तर तो खडकाच्या फेसात चरत होता, छोटी मासळी निघाली तर तो बाहेरच्या कडेने फिरत होता, पुढच्या वेळी दबा कुठे धरायचा ते तिथेच लिहिलेलं असतं.