अळूच्या पानांवर जलविरोधी आकर्षण कसे पाहावे

पावसाळ्यात दादरच्या भाजीबाजारात वडीचे अळू सहज मिळते. पाण्यात बुडालेले, पाणी झटकणारे (जलविरोधी) दोन पृष्ठभाग एकमेकांकडे ओढले जातात, ते जलविरोधी आकर्षण; ते पाहण्याच्या या प्रयोगाला अळूचे एक मोठे ताजे पान पुरते. पानाची वरची बाजू कोणी चोळलेली नसावी, कारण पाणी झटकून टाकणारे मेणाचे सूक्ष्म कण बोटानेही पुसले जातात. खाज टाळण्यासाठी हाताला तेल लावण्याची सवय इथे आवरावी आणि हातमोजे घालावेत. पानाला तेल लागले की प्रयोग फसतो.

शिरांमधल्या सपाट भागाचे दोन सारखे तुकडे कापून, वरची बाजू बाहेर ठेवून, काचेच्या दोन पट्ट्यांवर डबल टेपने बसवावेत. उथळ भांड्यात 5-6 सेंटिमीटर पाणी घेऊन पट्ट्या बुडवल्या की पाने रुपेरी दिसतात. ती चकाकी पानाला धरून राहिलेल्या हवेच्या थराची असते. पाण्याखालीच पट्ट्या समोरासमोर आणून हलकेच टेकवाव्यात आणि अगदी सावकाश दूर ओढाव्यात. हवेचे दोन थर जुळून एक झालेले असतात, त्या फटीत पाणी शिरू शकत नाही आणि बाहेरचे पाणी पट्ट्यांना एकमेकींकडे ढकलते, म्हणून त्या सुटताना ओढ जाणवते. घाईने ओढल्यास साध्या काचाही पाण्यात अडतात, त्यामुळे दुसऱ्या भांड्यातील पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून तीच कृती करणे टाळू नये. तिथे पान भिजते, चकाकी जाते आणि तिच्याबरोबर ओढही जाते.

मात्र वहीत या ओढीची नोंद ‘हवेच्या पुलाची ओढ’ अशीच करावी. खरे जलविरोधी बल हवेशिवायही असते: पाण्याचे रेणू एकमेकांशी ज्या हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधल्या आकर्षणाने) जोडलेले असतात, ते बंध त्यांना जलविरोधी पृष्ठभागाशी जोडता येत नाहीत, त्यामुळे दोन पृष्ठभाग एकत्र आले की पाण्याची ही गैरसोय कमी होते. इस्राएलाश्विली आणि पॅशली या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर जलविरोधी रेणूंचा थर चढवून हे बल थेट मोजले, तेव्हा ते सुमारे 10 नॅनोमीटर अंतरापर्यंतच जाणवले. पुढे काही प्रयोगांत शेकडो नॅनोमीटरवरूनही ओढ दिसली. तिच्यापैकी बरीचशी पृष्ठभागाला चिकटलेल्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांची, म्हणजे आपल्या अळूच्याच जातीची, निघाली.

वेळ असल्यास उकळून, झाकून थंड केलेल्या पाण्यातही एक पट्टी ठेवून पाहावी: अशा पाण्यात हवा कमी असल्याने ते पानावरची हवा हळूहळू विरघळवून घेते आणि चकाकी नळाच्या पाण्यातल्यापेक्षा लवकर मंदावते.