बाळाला पालथं कसं घालावं: सुरुवात आजीच्या पायांवरूनच होते

"अजून मान धरली नाही, आणि पालथं काय घालतेस?" माझ्या मुलीच्या वेळी हे मी रोज ऐकलं. सासूबाईंची काळजी खरी होती. पण त्याच सासूबाई रोज सकाळी मोरीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, नडगीवर बाळाला पालथं घालायच्या आणि पाठीवरून तेलाचा हात फिरवायच्या. तेवढ्यात ती चिमुरडी मान उचलून बादलीकडे बघून घ्यायची. एक दिवस मी म्हटलं, "आई, डॉक्टर हेच तर सांगतायत." त्या क्षणभर थांबल्या, मग हसल्या. मान धरल्यावर पालथं घालायचं असं नसतं. पालथं घातल्यानंच मान धरते. ज्याला आता सगळे टमी टाइम म्हणतात, त्याची पहिली पायरी आपल्या घरात आधीपासून आहे. फक्त ती अंघोळीपुरती न ठेवता दिवसभरात थोडी थोडी वाढवायची.

आधी एक गोष्ट पक्की करा. पालथं घालायचं ते बाळ जागं असताना आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर असतानाच. झोपवताना मात्र प्रत्येक वेळी पाठीवरच, दुपारच्या डुलकीलासुद्धा. तान्ह्या बाळाला पालथं झोपवलं तर झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. खेळता खेळता डोळा लागला तर अलगद उताणं करा.

पहिल्या काही दिवसांत जमिनीची गरजच नाही. आईने किंवा बाबांनी उशीला टेकून अर्धवट आडवं व्हावं आणि बाळाला आपल्या छातीवर पालथं ठेवावं. सिझेरियनचे टाके असतील तर हे काम सरळ बाबांकडे द्या. एक हात बाळाच्या पाठीवर, नाक-तोंड मोकळं आणि डोकं एका बाजूला. मिनिट-दोन मिनिटं पुरतात. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात नीट दिसतं, म्हणजे छातीवरून आपला चेहरा बरोबर टप्प्यात येतो. तुम्ही बोललात की ते डोकं उचलायची धडपड करतं.

नंतर जमिनीवर या. पलंग, गादी, सोफा नको. मऊ जागी तोंड रुतलं तर तान्ह्याला ते सोडवता येत नाही. आपल्याकडे यासाठी सोलापुरी चादरीइतकं सोयीचं काही नाही. जाड सुती चादर दुहेरी करून फरशीवर ताणून अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही. नवी असेल तर आधी दोन-तीनदा धुवा आणि कडेला दशा असतील तर खाली दुमडा, नाहीतर त्या तोंडात जातात. माझी मुलगी चादरीवरच्या मोराकडे टक लावून बघायची. मान थकली की तिचं तोंड नेमकं त्याच्या पिसाऱ्यावर टेकायचं आणि तिथे लाळेचं ओलं वर्तुळ उमटायचं.

बाळाचे दोन्ही कोपर खांद्यांच्या खाली, थोडे पुढे घ्या. हात अंगाखाली अडकले तर ते काहीच करू शकत नाही आणि लगेच रडतं. तरीही जमत नसेल तर आपला टॉवेल घट्ट गुंडाळून छातीखाली काखेपर्यंत द्या, हात त्याच्यावरून पुढे येऊ द्या. गुंडाळी मनगटाएवढीच जाड हवी, हनुवटी तिच्यावर दाबली जाता कामा नये. मग तुम्हीही समोर पालथे पडा, डोळ्याला डोळा भिडेल असे. सोलापूरच्या गड्डा जत्रेतून आणलेला खुळखुळा आधी समोर वाजवा, मग हळूच डावीकडे, मग उजवीकडे. मान दोन्ही बाजूंना वळायला हवी.

दूध पाजल्यावर लगेच हे करू नका. मी एकदा केलं, आणि सगळं दूध दह्यासारखं फुटून चादरीवर आलं. किमान अर्धा तास जाऊ द्या. झोपेतून उठल्यावर किंवा लंगोट बदलल्यावरची वेळ उत्तम, बाळ ताजंतवानं असतं.

सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं. मग हळूहळू वाढवा. रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. हे एका दमात करायचं नाही. कुरकुर केली तर बोला, गा, जागा बदला. हमसून रडू लागलं किंवा डोकं सारखं खाली टाकू लागलं, तर उचलून घ्या. चिडवून शिकवायची ही गोष्ट नाही.

आपल्या उन्हाळ्याचंही भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्लॅबखालची खोली भट्टी होते. तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फरशी पुसून, मुंग्या नाहीत ना हे बघून, नुसत्या लंगोटावर घाला. घाम आला म्हणून सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी मात्र नको, आईचं दूध पुरतं. थंडीत शहाबादी फरशी सकाळी गार पडते, तेव्हा चादरीखाली सतरंजी हवी.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती देऊ नका. एकाच बाजूला दाब पडून डोकं चपटं होत असेल, तर त्याला हा पालथा वेळच उपयोगी पडतो. पण बाळ कायम एकाच बाजूला मान वळवून ठेवत असेल, दुसरीकडे वळवताना रडत असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

साधारण दोन महिन्यांत बाळ थोडा वेळ डोकं उचलून धरतं, चार महिन्यांत कोपरांवर रेटून छाती वर करतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. चार महिने उलटूनही मान अजिबात धरत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. आणि एक दिवस तुम्ही खुळखुळा उचलायला वळाल, तेवढ्यात ते स्वतःहून कूस बदलेल. त्या दिवसापासून पलंगावर त्याला एक क्षणही एकटं ठेवू नका, भोवती उशांची भिंत रचली असली तरीही.