पूर्व भागातील गृहभेट: परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी

सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी सोलापूरच्या पूर्व भागात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी सर्वेक्षणाचा अर्ज उघडण्यापूर्वी त्या घरात कोणते काम चालते, हे नीट पाहावे. येथे तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरेही आहेत, आणि यंत्रमाग व विडी या दोन धंद्यांवर अनेकांचा संसार चालतो. आजाराचे धागे बहुधा त्या कामातच सापडतात.

विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसते. तिची मान, पाठ आणि बोटे दुखतात, आणि तंबाखूची धूळ श्वासावाटे तिच्याच नव्हे, तर शेजारी खेळणाऱ्या मुलांच्याही शरीरात जाते. त्यामुळे तंबाखू कोठे ठेवली जाते, खोलीत हवा कोठून येते आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुतले जातात का, हे विचारल्याशिवाय भेट पूर्ण झाली असे मानू नये. मागावर काम करणाऱ्याला ऐकू कमी येते का, हेही विचारावे. खटखटाटाची सवय झालेला माणूस ते आपणहून सांगत नाही.

भेटीची वेळ कुटुंबाला विचारूनच ठरवावी, कारण वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करण्याच्या गडबडीत बाईला थांबवणे म्हणजे तिची मजुरी बुडवणे होय. खोकल्याला तेलुगूत दग्गु आणि कन्नडमध्ये केम्मु म्हणतात. असे नेहमी लागणारे शब्द आधीच वहीत लिहून ठेवावेत. मात्र पाळी, गर्भधारणा किंवा घरातील मारहाण यांविषयी बोलताना लहान मुलाला अथवा नवऱ्याला कधीही दुभाषा करू नये. ती भाषा जाणणाऱ्या आशाताईंची मदत घ्यावी आणि शक्यतो बाईशी एकांतात बोलावे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी तिला हातातले काम थांबवून, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसू द्यावे. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतली असेल, तर मोजणी नंतर करावी. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर केवळ ‘पालेभाजी खा’ एवढे सांगून उठू नये. लोहाची गोळी ती घेते का, घेत नसल्यास मळमळीमुळे की भीतीमुळे, आणि गोळीसोबत चहा पिते का, हे तिच्याकडून समजून घ्यावे, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला असणाऱ्या व्यक्तीला ‘धुळीमुळे असेल’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. तिची थुंकी क्षयरोगासाठी तपासून घेण्याची व्यवस्था करावी.

नोंदवहीत आजाराबरोबर कामाचे स्वरूप, बोलीभाषा आणि पुढील भेटीचा दिवस लिहावा. प्रात्यक्षिकाचा काळ संपत असेल, तर राहिलेला पाठपुरावा कोणाकडे सोपवला, हे कुटुंबाला स्वतः जाऊन सांगावे.