मिस्सेला जाताना काय घालावं

मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. तिच्यासाठी कपड्यांचे लेखी नियम फार थोडे आहेत. १९१७ च्या धर्मकायद्यात बायकांनी डोकं झाकावं आणि पुरुषांनी उघडं ठेवावं असं कलम होतं. १९८३ च्या कायद्यात ते राहिलं नाही. आज पदर, ओढणी किंवा जाळीदार ओढणी डोक्यावरून घेणं ही ज्या त्या बाईची मर्जी. पुरुषांनी मात्र आत शिरताना टोपी काढायचीच. शीख बांधवाची पगडी काढायला कुणी सांगत नाही. खांदे, पाठ आणि गुडघे झाकलेले हवेत, ही अपेक्षा वसईपासून रोमपर्यंत सारखीच आहे.

पण नुसतं झाकलेलं असून भागत नाही. रविवारची मिस्सा साधारण तासभर चालते आणि त्यात बसणं, उभं राहणं, गुडघे टेकणं, ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यायला वेदीपर्यंत चालत जाणं हे सगळं येतं. म्हणून कपडा उभ्याने आरशात पाहून ठरवू नका. घरी जमिनीवर उशी ठेवा, तिच्यावर गुडघे टेका, पुढे झुका आणि मग उठा. गळा पुढे सुटतो का, शर्ट मागून वर सरकतो का, स्कर्टची चीर मांडीपर्यंत उघडते का, हे लगेच कळतं. गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट बसल्यावर चांगलाच वर चढतो, तेव्हा उभं असताना स्कर्ट पोटरीच्या मध्यापर्यंत यायला हवा. घट्ट जीन्समध्ये धड गुडघे टेकता येत नाहीत. पाठीवर मोठी अक्षरं असलेला टी-शर्टही नको, मागच्या बाकावरच्यांची नजर तासभर तिथेच अडकते.

साडी उत्तम, पण गुडघ्यांवरून उठताना निऱ्यांवर पाय पडतो आणि साडी कमरेतून सुटते. निऱ्या कमरेच्या आत एका मोठ्या पिनने परकराला पक्क्या करा, खांद्यावर पदराला दुसरी पिन लावा आणि उठताना डाव्या हाताने निऱ्या किंचित उचला. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने अडकवा. सतत सावरत बसलं की प्रार्थनेतून लक्ष उडतं, आपलंही आणि शेजारचीचंही. पुरुषांना इस्त्रीचा पूर्ण किंवा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पँट पुरे, कुर्ताही चालतो. शॉर्ट्स नकोत.

कोकणपट्टीच्या दमट हवेत सुतीच कपडा घ्या. पावसाळ्यात रेनकोट आणि हेल्मेट गुडघे टेकायच्या फळीवर ठेवू नका, ती ओली झाली तर शेजारच्याचे कपडे भिजतात. चपला-बूट बहुतेक चर्चमध्ये पायातच राहतात. दाराबाहेर काढलेल्या चपला दिसल्या तर आपल्याही काढा. टाचेचा आवाज फरशीवर घुमतो, म्हणून टाच बसकी किंवा रबरी बरी. मिस्सेत बायबलचं वाचन करणाऱ्यांनी बांगड्या घरी ठेवाव्यात: पान उलटताना त्यांची किणकिण माइकमधून सगळीकडे ऐकू जाते. अत्तर अगदी कमी, कारण बाकावर माणसं खेटून बसतात.

काही दिवसांना वेगळी तयारी लागते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिरवणूक असते, तेव्हा उन्हात चालता येतील अशा चपला हव्यात. गुड फ्रायडेला काळे किंवा फिके, साधे कपडे घाला आणि दागिने टाळा. त्या दिवशी क्रुसाचं चुंबन घेतात, म्हणून लिपस्टिक नको. तिचा डाग क्रुसावर उतरतो. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती असते. याबाबत कडक राहा: तरंगती नायलॉनची ओढणी नको, मोकळे केस बांधा, मुलांना सैल झालरीचे फ्रॉक घालू नका. गरम मेण रेशमावर सांडलं तर डाग सहज जात नाही.

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, असतो. त्याआधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पहाटेच्या मिस्सेला जाणार असाल तर शाल घ्या, त्या दिवसांत पहाटे अंगावर गारवा येतो. तिथलं बॉम जेझूस बॅसिलिका हे चर्च पाहायला जाणाऱ्यांनाही खांदे-गुडघ्यांचा नियम लागू आहे, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरून थेट येत असाल तर पिशवीत एक लुंगी किंवा ओढणी ठेवा.

अंत्यविधीला काळे किंवा पांढरे कपडे, चमक नको. लग्नाला गेलात तर पांढरा रंग नवरीसाठी सोडा. बिनबाह्यांचा ब्लाउज शिवलाच असेल तर त्याच कापडाची ओढणी करून घ्या. चर्चमधला विधी होईपर्यंत ती खांद्यांवर ठेवा, रिसेप्शनला काढली तरी चालेल.