घर घेण्याआधी बागेतल्या चेंबरची झाकणं उघडून बघा

घर बघायला गेलात की बागेत सांडपाण्याच्या पाइपांचे किती चेंबर, म्हणजे झाकण असलेले खड्डे, आहेत ते आधी मोजा. एखादं झाकण नेमकं मोठ्या कुंडीखाली किंवा नव्या फरशीखाली गेलेलं असतं. तेच आधी शोधा. मालकाला विचारून झाकण उघडा. ते गंजलंय का, पाय ठेवल्यावर डुगडुगतं का, हेही बघा. तसं असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर तेवढ्या कारणासाठीच झाकण बदलून मागा.

आत पाणी तुंबलेलं नको. चेंबरच्या भिंतीवर वरपर्यंत ओला काळपट पट्टा असेल, तर पाणी तिथवर चढून गेलेलं आहे, आज तळ कोरडा दिसला तरी. पाइपच्या सांध्यातून केसांसारखी बारीक मुळं डोकावत असतील तर सांधा फुटलाय समजा. मग घरात कुणाला तरी फ्लश करायला आणि बेसिनचा नळ सोडायला सांगा. पाणी सरळ, न थांबता पुढे जायला हवं. रेंगाळलं तर सौदा पक्का करण्याआधी प्लंबरकडून कॅमेऱ्याने लाइन तपासून घ्या. शेजाऱ्याचं पाणीही याच चेंबरमध्ये येतं का, हे विचारायला लाजू नका.

आत वाकू किंवा उतरू मात्र नका, विषारी वायू असू शकतो.