संगीतात पीएचडी करताय? या चुका टाळा

नागपुरात संगीतात एम.ए. केलेली, छान गाणारी मुलं पीएचडीचा विचार घेऊन भेटायला येतात. गळा तयार असतो, रागांची समज असते आणि हातातल्या कागदावर विषय लिहिलेला असतो: 'विदर्भातील संगीत परंपरेचा चिकित्सक अभ्यास'. तिथेच गाडी अडते. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, समितीपुढे ठेवला की पहिला प्रश्न हाच येतो, यात शोधायचं काय?

विषय प्रश्नाच्या रूपात मोठ्याने म्हणून बघा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीवर जुन्या नाट्यपदाची चाल बदलते तेव्हा नेमकं काय बदलतं, लय, पट्टी की ठेका? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आज गावोगावची मंडळं म्हणतात, त्यात खंजिरीचे कोणते ठेके टिकलेत? घरी बसून उत्तर देता आलं तर तो प्रबंध नव्हे. आणि सहा वर्षांत उत्तर सापडणार नसेल तर विषय आणखी लहान करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, धरून किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात.

मग येते फिरस्ती. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर रंगतात, आणि आपल्याकडची मुलं तिकडे जायचं ठरवतात मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा मंडप नसतो आणि गावातली बरीच माणसं पहाटेपासून तेंदूपत्त्याच्या कामावर असतात. नोंदणी झाली की आधी हंगाम बघा, मग वेळापत्रक आखा.

मुलाखतींबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं. पहिल्या वर्षी एका वृद्ध तबलजींना मी दोन तास ऐकलं. रेकॉर्डिंग फक्त फोनवर होतं. फोन बिघडला. पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत ते राहिले नाहीत. त्यांनी वाजवून दाखवलेले कायदे (तबल्यातल्या पारंपरिक रचना) आता कुठेच नाहीत, आणि ती खंत अजून जात नाही. म्हणून सांगतो, रेकॉर्डिंग सुरू होताच नाव, गाव, तारीख आणि त्यांची परवानगी आवाजातच घ्या. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत ठेवा. मतं विचारण्यापेक्षा 'गाऊन दाखवता का?' हे जास्त विचारा.

'गुरुजींनी सांगितलं' एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. गुरुजींचं सांगणं ही मौल्यवान साक्ष आहे, पण ती साक्ष म्हणूनच लिहा आणि जुन्या ध्वनिमुद्रणाशी ताडून बघा. ताडतानाही सांभाळा. जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यावरून एखाद्या गायकाचा रागविस्तार तोकडा होता असं ठरवणं अन्यायाचं आहे.

पहिलं प्रकरण सामवेदापासून सुरू करायची सवय सोडाच. त्याच पुस्तकांतले तेच परिच्छेद सगळे उतरवतात आणि प्रबंधाचं इतर लेखनाशी साम्य तपासताना पकडले जातात. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के निघालं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, त्यालाही सहा महिन्यांची मुदत. शब्द फिरवत बसू नका, ते प्रकरणच कापा.

शेवटच्या महिन्यात हमखास रडवणारी गोष्ट म्हणजे स्वरलिपी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराची आडवी रेघ स्वराखाली येते आणि एका मात्रेतले स्वर बांधणारा कंसही खालीच. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की फॉन्ट बदलतो, रेघ सरकते आणि कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. टायपिंग युनिकोडमध्ये करा, पीडीएफ करताना फॉन्ट आतच जोडा. मग एक पान छापून, ती बंदिश न ऐकलेल्या मित्राला म्हणायला द्या. तो जिथे अडखळेल, तिथे दुरुस्ती करा.