पहिलं बाळंतपण माहेरी करणार असाल तर निघायच्या आधी हे करून ठेवा

सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की पोरगी माहेरी, आपल्याकडे हे ठरलेलंच असतं, पण नाव सासरच्या अंगणवाडीत, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात आणि आधारवर लग्नाआधीचं नाव, या तिढ्यात कितीतरी जणींचे हक्काचे पैसे अडकतात. माझ्या धाकट्या बहिणीचे अडकले होते म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच आशाताईंना गाठा, लाजायचं नाही, तिसरा महिना लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही हे पाहुण्यारावळ्यांसाठी ठीक आहे, आशाताईंसाठी नाही. उपकेंद्रात नोंद झाली की माता बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते जिवापाड जपा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, ती चुकवू नका आणि प्रत्येक वेळी कार्डावर तारीख टाकून घ्या.

आता पैशाचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5 हजार मिळतात, 3 हजार नोंदणी आणि गरोदरपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत किमान एक तपासणी झाल्यावर, उरलेले 2 हजार बाळाचा जन्म दाखला आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे लसीचे डोस पूर्ण झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6 हजार एकरकमी. फॉर्म अंगणवाडी सेविका किंवा आशाताई भरतात. बीपीएल रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम, आयुष्मान कार्ड असं काहीतरी एक लागतं, नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, त्यामुळे एकट्या बाईलाही भरता येतो. बाळ झाल्यावर 270 दिवसांच्या आत अर्ज गेलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ बँकेत होतो. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकावर येत नाहीत, आधारला जे खातं लिंक आहे त्यावर येतात! बहिणीचे पैसे सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या एका पेमेंट बँकेच्या खात्यात जाऊन पडले होते, आम्ही चार महिने ऑफिसच्या चकरा मारल्या आणि प्रत्येक वेळी "वरून आले नाहीत" एवढंच उत्तर, तान्ह्या बाळाला घेऊन उन्हात उभी राहिलेली ती मला अजून आठवते. म्हणून आधीच आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठल्या बँकेचं खातं जोडलंय ते बघा, ओटीपीसाठी चालू नंबर आधारला जोडलेला हवा. चुकीचं खातं दिसलं तर आपल्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा फॉर्म भरा. आधार आणि पासबुकातलं नाव वेगळं असेल तर तेही आत्ताच सरळ करा, बाळंतिणीला रांगेत उभं करू नका.

माहेरी गेल्यावर तिथल्या सेविकेला आणि उपकेंद्रातल्या नर्सला कार्ड दाखवा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमध्ये नाव इकडून तिकडे ट्रान्सफर होतं, म्हणजे पोषण आहार तिकडे मिळतो, आणि तो बाईसाठी असतो, अख्ख्या घरासाठी नाही, हे सासू आणि आई दोघींनीही ऐकावं. आदिवासी भागात असाल तर अमृत आहार योजनेत अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण आहे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत.

कळा सुरू झाल्या की 102 ला फोन. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं मोफत आहे, बाहेरून औषध आणा म्हटलं तर चिठ्ठी मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे जा. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तरी उपचार मोफत. खेड्यातल्या बीपीएल, एससी, एसटी बायांना जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये वेगळे मिळतात.

मुलगी झाली आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्जही अंगणवाडीतच द्या, जन्मल्यावर 5 हजार, मग शाळेच्या टप्प्यांवर आणि 18 पूर्ण झाल्यावर 75 हजार, मिळून 1 लाख 1 हजार. उत्पन्नाचा दाखला लागतो, 1 लाखाच्या आतला.

बाळाचं वजन दर महिन्याला करा. सहा महिन्यांनंतर दंडाच्या पट्टीवर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी आलं तर "आमच्यात सगळे बारीकच असतात" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी सेविकेला सांगून बाळाला दवाखान्यात दाखवा.